रानबदकांची शिकार : कायदा काय सांगतो?

आश्विन सरत आला, कोजागिरीच्या मागेपुढे ब्रह्मगिरीवरील ढग विरळ होऊ लागले, की त्र्यंबकेश्वर तालुक्यातील तळी, बंधारे आणि धरणांचे फुगवटे यांवर नव्या पाहुण्यांची वस्ती सुरू होते. भात लोंब्या टाकून पिवळे पडू लागलेले असते, नागली कापणीला येत असते, आणि अशा वेळी पहाटेच्या धुक्यातून पंखांचा सळसळाट ऐकू येऊ लागतो. उत्तरेकडून आलेली रानबदके आपल्या पाण्यावर उतरली, याची ती खूण होय. दिवाळीनंतर त्यांची संख्या वाढत जाते आणि होळीच्या सुमारास ती पुन्हा उत्तरेस निघून जातात.

याच दिवसांत गावोगावच्या बैठकींतून एक प्रश्न हटकून विचारला जातो. खते, बियाणे, पीक विमा यांविषयी बोलणे झाल्यावर मागे बसलेला कोणी हळूच विचारतो, "साहेब, यातली कोणती बदके मारायला परवानगी आहे?" प्रश्न विचारणारा बहुधा चोरटा शिकारी नसतो. नियम असेल तर तो पाळावा, अशीच त्याची इच्छा असते. एका गावी अशाच बैठकीत एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या वडिलांविषयी सांगितले. वडिलांजवळ बंदुकीचा परवाना होता, शिकारीचाही होता, आणि थंडीत ते दोन-चार बदके आणीत, ती कायद्याप्रमाणेच आणीत. "मग आता काय बदलले?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देऊन भागण्यासारखे नव्हते.

एका शब्दातील उत्तर मात्र आधी सांगून टाकले पाहिजे. ते असे की, एकही नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यात, नाशिक जिल्ह्यात किंवा महाराष्ट्रात इतरत्र कोठेही, कोणत्याही ऋतूत, हौसेसाठी किंवा खाण्यासाठी रानबदक मारण्याचा परवाना आज कोणालाही मिळत नाही. अमुक जात चालते आणि तमुक जात चालत नाही, अमुक महिन्यात चालते आणि इतर महिन्यांत चालत नाही, असा काहीही भेद आता उरलेला नाही. पुढील विवेचन हे असे का झाले आणि त्याचा शेतकऱ्याच्या दैनंदिन व्यवहारात काय अर्थ होतो, याविषयी आहे.

जुने कायदे व आजचा कायदा

वृद्ध गृहस्थांची आठवण खोटी नव्हती. इंग्रजी अमदानीत 1887 मध्ये व पुढे 1912 मध्ये रानपक्ष्यांसंबंधी कायदे झाले. त्यांचा रोख शिकार बंद करण्याकडे नव्हता. विणीच्या काळात पक्षी मारू नयेत, त्यांचा व्यापार करू नये, एवढ्यापुरताच तो होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य पशू व वन्य पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला. नाशिक जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. त्या व्यवस्थेत शिकारीचे परवाने मिळत असत आणि ते घेऊन शिकार करणारा मनुष्य कायदा मोडीत नसे.

1972 मध्ये संसदेने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम मंजूर केला. आजही हाच कायदा लागू आहे. परंतु त्याचे मूळ रूप आणि आजचे रूप यांत फार अंतर आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मूळ कायद्यात प्राण्यांच्या निरनिराळ्या अनुसूची केलेल्या होत्या आणि शिकारीच्या परवान्यांचे विशेष, मोठी व लहान असे प्रकार होते. बदके ही लहान शिकारीत मोडत. म्हणजे 1972 चा कायदा झाल्यावरही परवान्याने बदके मारण्याची वाट काही काळ उघडी राहिली होती. ती वाट बंद केली 1991 च्या दुरुस्तीने. परवान्यांची कलमे त्या वर्षी काढून टाकण्यात आली आणि अनुसूचीतील वन्य प्राण्यांच्या शिकारीवर सरसकट बंदी आली. "पूर्वी चालत होते" हे म्हणणे म्हणून खरे आहे, पण ते पूर्वीपुरतेच खरे आहे. जुना परवाना, जुने पुस्तक किंवा वडिलांनी सांगितलेला नियम यांपैकी कशाचाही आज आधार घेता येणार नाही.

त्यानंतरची मोठी दुरुस्ती 2022 ची. ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. तिने अनुसूचींची संख्या कमी करून त्यांची मांडणी नव्याने केली. प्राणी व पक्षी आता मुख्यत्वे पहिल्या व दुसऱ्या अनुसूचीत आहेत. दुर्मीळ व संकटग्रस्त जाती पहिल्या अनुसूचीत, आणि आपल्या तळ्यांवर नित्य दिसणाऱ्या बदकांच्या ओळखीच्या जाती दुसऱ्या अनुसूचीत, असे साधारणपणे म्हणता येईल. एखादी जात कोणत्या अनुसूचीत आहे यावर शिक्षेचे मान ठरते. शिकार करावी की न करावी हे मात्र त्यावर ठरत नाही, कारण कलम 9 ने दोन्ही अनुसूचींतील प्राण्यांची शिकार सारखीच मना केली आहे.

'शिकार' या शब्दाची व्याप्ती

पुष्कळ माणसे अजाणतेपणी गुन्ह्यात सापडतात ती याच ठिकाणी, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. शिकार म्हणजे बंदुकीने मारणे, अशी आपली समजूत असते. कायद्याची व्याख्या, जी कलम 2 च्या 16 व्या पोटकलमात दिली आहे, ती याहून पुष्कळ विस्तृत आहे. मारणे, विष घालणे, पकडणे, फासे लावणे, जाळे टाकणे, आमिष दाखवणे, पाठलाग करून हाकणे, हे सर्व शिकारच होय. इतकेच काय, या गोष्टींचा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. गलोलीने खडा मारणारा मुलगा आणि छऱ्याच्या बंदुकीने नेम धरणारा त्याचा थोरला भाऊ, दोघेही या व्याख्येत येतात. पक्षी पडला नाही, नेम चुकला, ही सबब चालत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत व्याख्या आणखी एक पाऊल पुढे जाते. अंड्यांची नासधूस करणे, अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे, हेही शिकारीत धरलेले आहे. आपल्या भागात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. उत्तरेकडून येणारी बदके येथे अंडी घालीत नाहीत, पण काही जाती बारमाही इथल्याच आहेत आणि त्यांची वीण पावसाळ्यात, म्हणजे नेमकी लावणी-बेणणीच्या धामधुमीत होते. हळदीकुंकू बदक पाण्याजवळच्या दाट गवतात घरटे करते. अडई झाडाच्या ढोलीतही अंडी घालते. पाणकोंबडी बांधावरच्या झुडपात किंवा लव्हाळ्यात बसते. गुरे वळणारी मुले अशा घरट्यांतून सात-आठ अंडी ओच्यात घालून घरी आणतात, आणि घरची माणसे ती कौतुकाने खुडूक कोंबडीखाली ठेवतात. हेतू अगदी निष्पाप असतो, तथापि कायद्याच्या दृष्टीने तीही शिकारच होय. शिवाय कोंबडीखाली फुटलेली रानबदकाची पिले बहुधा जगत नाहीत, हा अनुभवही गावोगाव आहे. बांधावरचे गवत कापताना घरटे दिसले, तर त्याच्या भोवतीचे चार-सहा हात गवत तसेच उभे ठेवून पुढे जावे. तीन-चार आठवड्यांत पिले आपण होऊन पाण्यावर जातात आणि मग ते गवत कापण्यास कसलीच हरकत नसते.

विष घालण्याविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. देशात काही ठिकाणी कीटकनाशक लावलेले धान्य पाण्याच्या काठी टाकून बदके मारण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. अशी बदके विकत घेऊन खाणाऱ्याच्या पोटात ते विषही जाते, हे खाणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. त्याच काठावर गुरे पाणी पितात. त्या विषाने मेलेला पक्षी घार खाते, कुत्रे खाते, आणि तीही मरतात. पेरणीसाठी औषध चोळलेले उरलेले बियाणे पाण्याकाठी ओतून देण्याची सवयही याच कारणासाठी सोडली पाहिजे.

विकत घेणारा व खाणारा

मारणारा एक आणि खाणारा दुसरा असेल, तर दुसऱ्याला दोष लागत नाही असे समजू नये. कलम 39 प्रमाणे बेकायदा मारलेला वन्य प्राणी व त्याचे मांस ही राज्य शासनाची मालमत्ता ठरते, आणि मांस या शब्दात कायद्याने अंड्यांचाही समावेश केला आहे. जो प्राणी मेलेला सापडला तोही शासनाचाच. असा प्राणी कोणाच्या ताब्यात आला, तर त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा वन अधिकाऱ्यास कळविले पाहिजे. यापुढचे कलम 57 त्याहून कडक आहे. ज्याच्याजवळ वन्य प्राणी अथवा त्याचे मांस सापडले, त्याच्याकडे ते बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते, आणि ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला कोणी पिशवीतून 'पाण्यावरची' बदके विकावयास आणली, तर घेणाऱ्याने या कलमाची आठवण ठेवावी.

शिक्षा साधारणतः तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. प्राणी पहिल्या अनुसूचीतील असेल, किंवा गुन्हा अभयारण्यात अथवा राष्ट्रीय उद्यानात घडला असेल, तर कैद तीन वर्षांहून कमी असत नाही; ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि दंड किमान 25,000 रुपये असतो. त्र्यंबकेश्वराला उगम पावणारी गोदावरी नाशिक ओलांडून निफाड तालुक्यात पोहोचते, तेथे कादवेच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. 1986 पासून तेथे अभयारण्य आहे. म्हणजे त्याच नदीच्या वरच्या अंगास मारलेले हळदीकुंकू बदक आणि खालच्या अंगास मारलेले तेच बदक, या दोन गुन्ह्यांच्या शिक्षेत एवढा फरक पडतो.

बंदुकीचा परवाना व आदिवासींचे हक्क

पीक संरक्षणासाठी शस्त्र कायद्याखाली दिलेला बंदुकीचा परवाना पुष्कळ घरांत आहे. तो बंदूक बाळगण्याचा परवाना होय, शिकारीचा नव्हे. पिकाचे नुकसान होते म्हणून आपल्या शेतात उतरलेल्या बदकांवर बार टाकता येईल, असा त्याचा अर्थ होत नाही. रानडुकरासंबंधी शासनाच्या वेगळ्या तरतुदी आहेत आणि त्यांचीही रीतसर परवानगी घ्यावी लागते. त्या तरतुदी पाणपक्ष्यांस लागू नाहीत. कलम 11 मध्ये मनुष्यास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झालेल्या प्राण्याविषयी लेखी व सकारण परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकास, आणि दुसऱ्या अनुसूचीबाबत त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यासही आहे. हा अधिकार त्या अधिकाऱ्याचा आहे, शेतकऱ्याचा नाही. लेखी आदेश हातात नसताना कोणाच्याही तोंडी होकारावर विसंबू नये, मग तो होकार देणारा कितीही मोठा असो.

दुसरा प्रश्न आपल्या तालुक्यात विशेष आस्थेने विचारला जातो. येथील महादेव कोळी, ठाकर, कातकरी, वारली, कोकणा या समाजांना वनांवर हक्क मिळाले आहेत, मग शिकारीचा हक्क मिळाला नाही काय? 2006 च्या वनहक्क कायद्याने कसण्याचे, गौण वनोपज गोळा करण्याचे, सामूहिक वन सांभाळण्याचे हक्क मान्य केले. परंपरेने चालत आलेले इतर हक्कही त्याने मान्य केले, परंतु त्याच ओळीत वन्य प्राण्यांच्या शिकारीचा व त्यांना पकडण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. मध, मोह, हिरडा, डिंक हे वनोपज आहेत. पक्षी वनोपज नव्हे. 1972 च्या कायद्यात शिकारीचे हक्क राखून ठेवले आहेत ते निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींचे. वनहक्काचा दाखला दाखवून फासे लावता येतील, असे एखाद्या तरुणास कोणी सांगितले असेल, तर तो गैरसमज वेळीच दूर केलेला बरा. पुढे खटला चालला म्हणजे सल्ला देणारा बाजूला राहतो आणि वकिलाचा खर्च, हेलपाटे व बुडालेली मजुरी त्या घरावर पडते.

जाती ओळखून शिकार का चालत नाही

परदेशांत काही ठिकाणी बदकांची शिकार आजही कायदेशीर आहे. अमेरिकेत 1918 पासून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी कायदा आहे, आणि 1934 पासून बदकांची शिकार करणाऱ्यास एक विशेष तिकीट विकत घ्यावे लागते. त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. तेथे हंगाम ठरलेला असतो, आणि एका दिवसात कोणत्या जातीची किती बदके मारावीत याच्या मर्यादाही वेगवेगळ्या असतात. उडत्या बदकाची जात व नर-मादी क्षणात ओळखता येणे, ही तेथील शिकाऱ्याची पहिली जबाबदारी मानली जाते. आपल्याकडेही तसे का करू नये, असा युक्तिवाद सुशिक्षित मंडळींकडून कधी कधी ऐकू येतो.

ज्याने पहाटेच्या अंधुक उजेडात तळ्यावर बदके पाहिली आहेत, त्यास या युक्तिवादातील अडचण सांगावी लागणार नाही. नर ओळखणे सोपे. तलवार बदकाच्या नराची लांब टोकदार शेपटी, थापट्याची पळीसारखी चपटी चोच, चक्रांगाचे तांबूस डोके, ही लक्षणे दुपारच्या उन्हात स्पष्ट दिसतात. पण या सर्वांच्या माद्या करड्या, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या आणि एकमेकींसारख्या असतात. त्यात भर म्हणजे आश्विन-कार्तिकात जे थवे नुकतेच येतात, त्यांतील नरांनीही विणीनंतरची पिसे टाकून माद्यांसारखाच वेष घेतलेला असतो. त्यांचे रंग हळूहळू पुढे खुलतात. एका थव्यात चार जाती मिसळलेल्या असतात आणि छऱ्याचा बार एकाच पक्ष्याला लागत नाही. कागदावर केलेला जातवार नियम पाण्यावर गेल्यावर निरुपयोगी ठरतो.

मर्यादा नसली म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. राजस्थानातील भरतपूरच्या तलावावर 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. ती संख्या तेथे दगडावर कोरून ठेवली आहे. ज्या काळात ती कोरली गेली त्या काळी ती अभिमानाची होती.

नांदूर मध्यमेश्वरला लोक 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणतात, ते अर्थातच पक्ष्यांच्या विपुलतेमुळे, त्या दगडामुळे नव्हे. 2020 च्या जानेवारीत या जागेचा रामसर यादीत समावेश झाल्याचे जाहीर झाले. पाणथळ जागांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार 1971 मध्ये इराणमधील रामसर गावी झाला, त्यावरून हे नाव पडले. महाराष्ट्रातील ही पहिली रामसर जागा होय. चापडगावच्या बाजूने तेथे जाता येते आणि मनोऱ्यावरून पक्षी पाहता येतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेतकरी गटांनी थंडीत एक दिवस काढून तेथे जावे. गंगापूर, काश्यपी व गौतमी या आपल्याकडील धरणांवर जे तुरळक दिसते, ते तेथे शेकड्यांनी पाहावयास मिळते.

थोडी ओळख

कायद्यासाठी ओळख लागत नसली, तरी ज्यांच्या शेजारी आपण राहतो त्यांची नावे ठाऊक असावीत. हळदीकुंकू बदकाच्या काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे व बुडाशी कुंकवासारखे दोन तांबडे ठिपके असतात. ज्याने हे नाव ठेवले त्याच्या दृष्टीला दाद द्यावी. अडई लहान, तपकिरी, आणि उडताना शीळ घालणारी. नकट्याच्या नराच्या चोचीवर मांसल काळा उंचवटा असतो. चक्रवाक नारिंगी रंगाचा, जोडीने राहणारा, दुरूनही ओळखू येणारा. त्याची वीण लडाख व मध्य आशियाकडील उंच प्रदेशांत होते. पट्टकादंब हा राखी हंस असून त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे पट्टे असतात. तो मंगोलिया व तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो.

वारकरी हा बदक नव्हे, पाणकोंबडीचा नातेवाईक. सर्वांग काळे आणि कपाळावर पांढरा शुभ्र टिळा, शिवाय नेहमी मेळ्याने राहणारा, म्हणून लोकांनी त्यास हे नाव दिले. पौष वद्य एकादशीस संत निवृत्तिनाथांच्या समाधीच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरी येतात, त्याच दिवसांत हे दुसरे वारकरीही पाण्यावर जमलेले असतात. टिबुकली, पाणकावळा, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, शेकाट्या, नदी सुरय, चमचा, निरनिराळे बगळे, हे सर्व याच पाण्याचे रहिवासी आणि कायद्याने बदकांप्रमाणेच संरक्षित आहेत.

एखाद्या पक्ष्याच्या पायात धातूचे किंवा रंगीत कडे आढळल्यास ते काढू नये. त्यावरील अक्षरे व अंक टिपून घ्यावेत, शक्य तर छायाचित्र घ्यावे आणि वन विभागास कळवावे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, जी 1883 मध्ये स्थापन झाली, अशी कडी घालून पक्ष्यांच्या प्रवासाचे मार्ग शोधण्याचे काम अनेक वर्षे केले आहे. एका शेतकऱ्याने कळविलेल्या क्रमांकावरून हजारो कोसांच्या प्रवासाचा उलगडा होऊ शकतो.

पिकाचे नुकसान

कायद्याची बाजू सांगून झाल्यावर शेतकऱ्याची बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. पाणपक्षी पिकाचे काहीच नुकसान करीत नाहीत, असे म्हणणारा मनुष्य पाण्याकाठी शेती करीत नसावा. भाताच्या रोपवाटिकेत जांभळी पाणकोंबडी शिरली तर रोपे उपटते व तुडविते. दाणे भरलेल्या भातात अडईचे थवे रात्री उतरतात. सर्वांत अधिक तक्रार येते ती गाळपेराच्या जमिनीतून. धरणाचे पाणी ओसरेल तसतसा उघडा पडणारा गाळ शेतकरी गहू-हरभऱ्याखाली आणतात, आणि तेथे कोवळ्या अंकुरांवर चक्रवाक व पट्टकादंब चरतात. ती जागा पाण्याला लागूनच असल्याने पक्ष्यांना उडून यावेही लागत नाही.

यावर हमखास असा एकच उपाय नाही. जे उपाय करावयाचे ते पक्षी उतरण्याची सवय लागण्यापूर्वी करावेत. एकदा चरण्याची जागा ठरली की त्यांना हलविणे कठीण जाते. चमकणारी फीत पिळा देऊन पिकाच्या थोडी वर ताणून बांधली, तर ती उन्हात लकाकते व वाऱ्यात घुमते. त्याचा उपयोग पहिले काही दिवस चांगला होतो. बुजगावणे दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलून उभे करावे. एकाच जागी उभ्या असलेल्या बुजगावण्यावर पाणकावळा पंख वाळवीत बसतो, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. पहाटे व सांजवेळी माणसाची फेरी आणि डबा वाजविणे हा जुना उपाय अजूनही सर्वांत परिणामकारक आहे. रोपवाटिका शक्यतो पाण्यापासून दूर व घराजवळ टाकावी. ती जाळीने झाकावयाची असल्यास जाड दोऱ्याची जाळी घट्ट ताणून बांधावी. सैल सोडलेल्या बारीक नायलॉन जाळ्यात पक्षी अडकून मरतात आणि मग हेतू नसतानाही प्रकरण उद्भवते. एका शिवारातील सर्वांनी एकाच आठवड्यात पेरणी केली, तर पक्ष्यांचा भार एकट्या शेतावर न पडता विभागला जातो. हाकण्यासाठी एवढे करण्यास हरकत नाही. घरटी, अंडी व पिले यांना धक्का लागता कामा नये, आणि अभयारण्याच्या हद्दीत तेथील अधिकाऱ्यांस विचारल्यावाचून काहीही करू नये.

बदकाचे मांस किंवा अंडी हवीच असतील, तर पाळीव बदके ठेवण्यास कोणतीही आडकाठी नाही. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांसाठी प्रसिद्ध जात असून नीट देखभाल केल्यास ती वर्षाला 250 ते 300 अंडी देते. मांसासाठी पेकिन जात चांगली. पाळीव बदकांना कोंबड्यांइतकी बंदिस्त जागा लागत नाही, आणि भाताच्या खाचरात सोडल्यास ती गोगलगायी, किडे व तण खातात. मात्र ती धरणाच्या किंवा तळ्याच्या पाण्यावर रानबदकांत मिसळू देऊ नयेत. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरच्या कुक्कुटपालकांवर बर्ड फ्लूने जे संकट आणले, ते खानदेशात अजून विसरले गेलेले नाही. हा रोग रानपक्षी व पाळीव पक्षी यांच्यात एकमेकांकडून पसरू शकतो. पाण्यावर एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसले, तर त्यांना हात लावू नये, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नये, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास व वनरक्षकास निरोप द्यावा.

गावपातळीवर काय करता येईल

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत 2002 च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. पुष्कळ ठिकाणी ही वही एकदा लिहून कपाटात ठेवलेली आढळते. गावच्या तळ्यावर कोणता पक्षी कोणत्या महिन्यात आला, किती दिसले, कोठे घरटे होते, एवढे जरी शाळेतील मुलांकडून दरवर्षी तीत भरून घेतले, तरी मुलांच्या हातातील गलोल आपोआप खाली येते. हा अनुभव अन्यत्र आलेला आहे.

शिकारीचा प्रकार नजरेस आला, तर स्वतः झटापट करू नये. वेळ, ठिकाण, वाहनाचा क्रमांक, माणसे किती होती, एवढे लक्षात ठेवून पोलीस पाटलास, त्र्यंबकेश्वर येथील वनपरिक्षेत्र कार्यालयास, किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. जखमी पक्षी सापडल्यास तो टोपलीखाली सावलीत झाकून ठेवावा, त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, आणि त्याच क्रमांकावर कळवून वनरक्षक येईपर्यंत मुलांना दूर ठेवावे.

त्या बैठकीतील वृद्ध गृहस्थांना हे सर्व सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले ते वडिलांच्या बंदुकीविषयी, की तिचा परवाना नूतन करावा की ती जमा करावी. तो प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कक्षेतील असल्याने त्यांना तेथील पत्ता लिहून दिला.